घरच्या डिशवॉशर पावडरीत काय नाही?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. डिशवॉशरच्या टॅब्लेट महाग पडतात म्हणून त्यांनी व्हिडिओ पाहून घरीच पावडर केली: धुण्याचा सोडा, टाकणखार, लिंबूसत्त्व आणि मीठ. सुरुवातीला भांडी बरी निघाली. मग काचेच्या पेल्यांवर दुधाळ पुट चढायला लागलं आणि आमटीच्या पातेल्याच्या काठाला डाळ तशीच चिकटून राहू लागली. ‘माझं प्रमाण चुकतंय का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, प्रमाण चुकलेलं नाही. कृतीच अपुरी आहे.

आधी पुटाचं बघू. धरणाचं पाणी तुलनेनं हलकं असतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की बोअरचं जड पाणी नळाला येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत चालवून घेतला जातो. तुमचं पाणी 300चं आहे असं धरा. मशीन एका धुण्याला साधारण दहा लिटर पाणी घेतं, म्हणजे तीन ग्रॅम खडू होईल एवढा चुना आत गेला. सोड्यातलं कार्बोनेट त्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याचा खरोखरच खडू होतो. तो थोडाथोडा गरम काचेवर बसतो. तेच तुमचं पुट.

लिंबूसत्त्व हे थांबवेल अशी अपेक्षा असते. पण लिंबूसत्त्व आम्ल आणि सोडा अल्कली. दोन्ही एकाच बरणीत ठेवले की दमट हवेतच फसफसायला लागतात आणि पावडरीचा दगड होतो. समान वजनानं घेतले तर पाण्यात पडल्यावर बहुतेक सगळा सोडा त्या आम्लातच खर्च होतो. मागे सोडियम सायट्रेट उरतं. ते कॅल्शियमला पाण्यात विरघळलेलं ठेवतं, बाजारच्या पावडरींतही असतं, तेव्हा ते वाया गेलं असं म्हणता येणार नाही. पण तेलकटपणा काढायला घातलेला सोडा मात्र हातचा गेला. मिठाचं तर इथे कामच नाही. त्याची जागा मशीनच्या तळाशी असलेल्या वेगळ्या कप्प्यात. तिथे पाणी हलकं करणारी राळ असते आणि मीठ त्या राळेला पुन्हा कामाला लावतं. पावडरीत घातलेलं मीठ पाणी हलकं करत नाही, उलट स्टीलला खड्डे पाडू शकतं.

पूर्वी ही चुन्याची अडचण फॉस्फेट सोडवत असे. पण सांडपाण्यातून ते तळ्यांत जातं आणि शेवाळ माजतं, म्हणून 2010मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि 2017मध्ये युरोपीय संघानं घरगुती डिशवॉशरच्या पावडरीत त्याच्यावर कडक मर्यादा आणली. अमेरिकेत तेव्हा तयार पावडर वापरणाऱ्यांचीही हीच तक्रार होती: पेले पांढरे पडतात!

आता पातेल्याच्या काठावरची डाळ. आपल्या आज्या राखेनं भांडी घासायच्या. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट हे धुण्याच्या सोड्याचंच भावंड, तेव्हा त्यांचं रसायन आणि तुमचं रसायन एकच. फरक एवढाच की तिथे काथ्या धरलेला हात होता. डिशवॉशरमध्ये भांड्याला काहीच घासत नाही, फक्त गरम पाण्याचे फवारे बसतात. वाळलेली डाळ आणि भाताची शितं म्हणजे प्रथिनं आणि स्टार्च. त्यांच्या लांबच लांब साखळ्या तोडायचं काम एन्झाइम करतं, आणि तुमच्या बरणीत एन्झाइमच नाही.

धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालायची कल्पना ज्याची, त्याचं नाव मला इथे मुद्दाम घ्यायचं आहे. डिशवॉशरच्या इतिहासात 1886चं पेटंट घेणाऱ्या जोसेफिन कॉक्रेनचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. पण ओटो ऱ्योम कुणाच्या ध्यानीमनी नसतो. हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ कातडी कमावण्याच्या धंद्यात शिरला, तेव्हा चुन्यातून काढलेली कातडी मऊ करायला चक्क कुत्र्याची विष्ठा वापरत. शतकानुशतकं! त्या घाणीत नेमकं काम कोण करतं, याचा माग काढत तो पचनाच्या एन्झाइमांपाशी पोहोचला. मग जनावरांच्या स्वादुपिंडातून ती काढून त्यानं कातडीसाठी स्वच्छ पावडर बाजारात आणली. आणि पुढची उडी तर मला फारच आवडते. कातडीवरची प्रथिनं तुटतात तर कपड्यांवरच्या डागांतली का तुटणार नाहीत? 1913मध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि ‘बुर्नुस’ नावाची कपडे भिजवायची पावडर आली. तिच्यात होतं काय? मुख्यतः धुण्याचा सोडा आणि चिमूटभर स्वादुपिंडाचा अर्क. तुमच्या बरणीत नेमकी ती चिमूटच कमी आहे.

स्वादुपिंडाचं एन्झाइम तीव्र अल्कलीत फार टिकत नसे. ती उणीव पुढे जिवाणूंपासून मिळालेल्या एन्झाइमांनी भरून काढली. डिशवॉशरमध्ये मात्र ती आणखी उशिरा आली, कारण तिथल्या पावडरींत क्लोरीन असे आणि क्लोरीन एन्झाइमला जगू देत नाही.

जिवाणूंची एन्झाइमं घरात तयार होणार नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाचवायचे तर पावडर करण्यात नव्हे, वापरण्यात वाचवा. टॅब्लेटऐवजी सुटी पावडर घ्या, म्हणजे भांडी कमी असतील तेव्हा कमी घालता येते. पाकिटावर एन्झाइमचा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्या. मशीनमध्ये पाण्याच्या जडपणाचं सेटिंग असतं. टँकरच्या दिवसांत ते वाढवा आणि मिठाचा कप्पा रिकामा पडू देऊ नका. खरकटं काढून टाका, पण भांडी आधी विसळत बसू नका. भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये कधीही घालू नका. फेसानं फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी बाहेर येतं. ॲल्युमिनियमचा कुकर बाहेरच धुवा, अल्कलीनं तो काळा पडतो.

उरलेली पावडर मोरी घासायला वापरून टाका, पण हातमोजे घालून. टाकणखाराला युरोपीय संघानं प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत गणलं आहे. ती बरणी साखर-मिठाच्या डब्यांशेजारी ठेवू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.