पदवीनंतर तिथेच एम.ए., एम.कॉम.: पैसे कुठे वाचतात?

अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाने पदवीला चांगले गुण मिळवलेल्या आपल्याच विद्यार्थ्यांना पाचव्या वर्षी विनाशुल्क एम.ए. करण्याची सोय बरीच वर्षं दिली होती. आपल्याकडे मात्र उल्हासनगरच्या चांदीबाई किंवा तलरेजा कॉलेजातून बी.कॉम. झालेल्यांनी 'आपलाच विद्यार्थी' म्हणून फी कमी होईल अशी आशा धरू नये. तरी या कॉलेजांचं मुंबई विद्यापीठ न सोडण्यात फायदा आहे, तो वेगळ्या वाटेने होतो.

विद्यापीठ तेच, कागद कमी

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला पात्रता प्रमाणपत्र आणि मायग्रेशन काढावं लागतं. दोन्हींना पैसे आणि हेलपाटे. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधराचं हे टळतं. कल्याणचं बिर्ला कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच, त्यामुळे तिथे गेलं तरी हेच लागू. एसएनडीटीला जायचं असेल तर मात्र विद्यापीठ बदललं.

फी विचारताना

बी.ए.ची तुकडी अनुदानित असते आणि त्याच इमारतीतलं एम.ए. विनाअनुदानित, असं बऱ्याच कॉलेजांत आढळतं. म्हणून 'इथे फी कमीच असते' या तीन वर्षांच्या सवयीवर विसंबू नये. ऑफिसमधून बाबनिहाय तक्ता मागून घ्यावा आणि परीक्षा शुल्क त्यात धरलंय की वेगळं, ते विचारावं.

महाडीबीटी

खरा पैसा राज्य सरकारच्या या शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू योजनेला ८ लाख. आपला अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे ना, ते प्रवेशाआधीच पाहावं.

पदवीला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पदव्युत्तरला ती आपोआप चालू राहत नाही. अभ्यासक्रम नवा, अर्जही नवा. भारत सरकार शिष्यवृत्तीतली एक अट फार जणांना उशिरा कळते: एकदा एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा एम.ए. केलं तर त्याला पैसे नाहीत. तेव्हा विषय नीट निवडावा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येतं, उल्हासनगरचा तालुका वेगळा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. जुनं बंद पडलेलं खातं जोडलेलं राहिलं असेल तर मंजूर रक्कमही अडकते.

यूजीसीची शिष्यवृत्ती

पदव्युत्तरसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत वर्षातले १० महिने दरमहा १५,००० रुपये मिळतात, दोन वर्षं. देशभरात जागा १०,०००, आणि निवड पदवीच्या गुणांवर. दूरशिक्षणाला ती नाही. नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए. करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडावा.

कालिना की घराजवळ?

विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या विभागात शिकायचं तर बदलापूरहून कुर्ला, मग बस किंवा रिक्षा. विद्यार्थी पासमुळे लोकल परवडते. रिक्षाला पास नसतो. विभागात ग्रंथालय आणि प्राध्यापक यांचं पारडं जड, हे कबूल. पण सकाळी शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवणाऱ्याला घराजवळचं कॉलेज जास्त परवडतं, असं माझं मत.

चौथ्या वर्षाचं आमिष

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या ऑनर्सनंतर मास्टर्स एका वर्षात होतं, म्हणून काहींना एक वर्ष वाचल्यासारखं वाटतं. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, बेरीज पाचच. फरक संशोधनाकडे जाणाऱ्याला पडतो: चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील, तर नियमानुसार मास्टर्स न करताही नेट देऊन पीएच.डी.कडे वळता येतं.