गजाली ऐकताना मेंदूत काय घडते?

देवगड तालुक्यातील मिठबावचा किनारा तुम्ही पाहिला आहे का? या किनारपट्टीवर रापण लावतात. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायची. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. मासळीचे वाटेही सर्वांत पडतात. आणि माणसे जमली की गजाली आल्याच! कोणी वादळात सापडल्याची हकिगत सांगू लागला, की ऐकणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. तो तर कोरड्या वाळूवर बसलेला असतो! मग असे का व्हावे?

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो हे दाखवणाऱ्या यंत्रात एका व्यक्तीने स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग सांगितला. मग त्याचे ध्वनिमुद्रण इतरांना त्याच यंत्रात ऐकवले. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : सांगणाऱ्याच्या मेंदूत जशी हालचाल झाली, तशीच थोड्या वेळाने ऐकणाऱ्यांच्या मेंदूतही झाली. ज्याला गोष्ट अधिक समजली, त्याचे हे साम्यही अधिक. रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा मात्र हे साम्य दिसले नाही. म्हणजे नुसते कान पुरत नाहीत. समजून ऐकावे लागते.

आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटातील जुह्वांसी लोकांची बोलणी पॉली विस्नर यांनी नोंदवली. दिवसाच्या बोलण्यात गोष्टींचा वाटा शेकडा ६, तर रात्री शेकोटीभोवती शेकडा ८१! दूरच्या माणसांची ओळख आणि एकमेकांना धरून राहण्याच्या रीती मुलांना या गोष्टींतूनच कळत.

पण सावध! गोष्ट आपल्याला फसवूही शकते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना भुकेलेल्या लाखो माणसांचे आकडे दाखवले, तर काहींना एकाच भुकेल्या मुलीची हकिगत सांगितली. मुलीसाठी दुपटीहून अधिक मदत मिळाली. याचा अर्थ, ज्याची गोष्ट आपल्या कानी पडते त्याच्याकडे मन धावते आणि जो गप्प राहतो तो मागे पडतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला तडाखा दिला. किती घरांची छपरे उडाली, हे सरकारी कागदांत सापडेल. पण छप्पर उडाले त्या रात्री घरातली माणसे कोठे बसली होती, हे कागद सांगत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

तर मग एक प्रयोग करा. तुमच्या वर्गात फारसे न बोलणारा कोणी असेल, कदाचित परगावाहून नुकताच आलेला. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा. आधी स्वतःची एखादी फजिती सांगा, मग त्याचे ऐका. मध्ये बोलू नका. आठ दिवसांनी पाहा, डबा खाताना तो कोठे बसतो! या प्रयोगाला यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि दोन कान.