साखर, देह आणि संयम : आयर्लंडकडून घेण्याजोगा धडा

ज्या पिकाने एका समाजाला घरदार सोडून सातासमुद्रापलीकडे नेले, त्याच पिकाची गोडी पुढे त्या समाजाच्या देहाला बाधावी, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावा लागेल. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीतील अनेक कुटुंबे करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, ती उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी. मजुरीबरोबर मिळणारा तांदूळ, डाळ, मीठ हा शिधा पहाटेपासूनच्या कष्टांत जिरून जाई. पुढे नातवंडे-पतवंडे शिकली, कचेरीत आणि दुकानात बसू लागली. कष्ट गेले, भाताचा ढीग मात्र ताटात तसाच राहिला, आणि त्यात साखरेची भर पडली. १९८७ साली मॉरिशसमध्ये प्रौढ नागरिकांची व्यापक तपासणी झाली, तेव्हा हिंदू, मुसलमान, क्रिओल आणि चिनी या चारही समाजांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक आढळले.

या गिरमिटियांच्या वंशजांपैकी जे शिक्षण वा नोकरीच्या निमित्ताने आयर्लंडात जाऊन राहतात, त्यांना तेथेही साखरेचाच इतिहास भेटतो. आयर्लंडात ऊस पिकत नाही. तेथील साखर बीटाच्या कंदापासून होई. कार्लो येथील कारखाना १९२६ साली सुरू झाला व २००५ साली बंद पडला. मॅलो येथील अखेरचा कारखाना २००६ साली थांबला. युरोपीय संघाने त्याच सुमारास साखरेचा हमीभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. त्या एकाच निर्णयाची झळ आयर्लंडच्या बीट-शेतकऱ्याला आणि मॉरिशसच्या ऊसमळ्याला, दोघांनाही पोहोचली. साखरेचे कारखाने गेले, परंतु साखर खाण्याची सवय काही गेली नाही.

ह्या सवयीला आवर घालण्याचे एक पाऊल ज्या सरकारने उचलले, त्याचे प्रमुख कोकणी रक्ताचे होते, ही गोष्ट वाचकांस अभिमानाची वाटेल. डॉ. लिओ वराडकर यांचे घराणे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्यांचा जन्म १९७९ साली डब्लिन येथे झाला. ते स्वतः वैद्यकीय पदवीधर असून २०१४ ते २०१६ या काळात आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते आणि जून २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारच्या पहिल्याच अर्थसंकल्पात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, साखरयुक्त पेयांवरील कराचे दर जाहीर झाले व १ मे २०१८ पासून तो कर अमलात आला. १०० मिलिलिटर पेयात ८ ग्रॅम वा अधिक साखर असेल, तर मूल्यवर्धित कर धरून लिटरमागे सुमारे ३० सेंट द्यावे लागतात; ५ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान असेल तर सुमारे २० सेंट; आणि ५ ग्रॅमच्या खाली हा कर नाही. या रचनेतील मर्म असे की, ग्राहकाच्या खिशाला चिमटा बसण्याआधी कारखानदारालाच साखर कमी करण्याचा मोह पडावा. अनेक उत्पादकांनी त्याप्रमाणे आपल्या पेयांतील साखर उतरवलीही. मॉरिशसने असा कर त्यापूर्वीच, २०१३ साली, लावला होता.

तथापि कायद्याचा हात बाटलीपर्यंत पोहोचतो, ताटापर्यंत पोहोचत नाही. त्यातही हिंदी वंशाच्या माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली आहे. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ सालापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती माता आणि त्यांची अर्भके यांचा अभ्यास चालविला. तेथील अर्भकाचे जन्माच्या वेळचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडातील अर्भकाचे सुमारे ३.५ किलो भरले. हिंदी बाळ असे कृश असूनही त्याच्या अंगातील चरबी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. उणे होते ते स्नायू. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! वरून सडपातळ, आतून मेदयुक्त, असा हा देह आहे.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास बी. एम. आय. म्हणतात. युरोपीय मनुष्यास २५ पर्यंत निर्धास्त समजतात. परंतु आशियाई वंशाच्या माणसाने २३ लाच सावध व्हावे, असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या गृहस्थाचे वजन ७१ किलो असेल, तर आयर्लंडातील सामान्य तक्ता त्यास ठीक म्हणेल; त्याच्या वंशाच्या हिशेबाने मात्र मर्यादा सुमारे ६६ किलोंवरच संपलेली असते. काट्याहूनही शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. कमरेचा घेर पुरुषाने ९० आणि स्त्रीने ८० सेंटिमीटरच्या आत राखावा. कुटुंबवैद्याकडे गेल्यावर आपला वंश आणि आईवडिलांचा मधुमेह ह्या दोन्ही गोष्टी आपण होऊन सांगाव्यात आणि रक्ततपासणी मागावी. तीन महिन्यांची साखर दाखविणाऱ्या तपासणीचा आकडा आयर्लंडात निराळ्या मापात देतात. तेथील ४८ म्हणजेच अन्यत्र परिचित असलेले ६.५ टक्के. तेथून मधुमेहाचा उंबरठा सुरू होतो.

परंतु उंबरठ्याशी आलेल्याने हताश होण्याचे कारण नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, ज्यांनी वजन सुमारे ७ टक्के उतरविण्याचे आणि आठवड्यास १५० मिनिटे चालण्याचे व्रत घेतले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील तशाच प्रयोगात आहार-विहाराच्या शिस्तीने २८ टक्क्यांहून अधिक घट साधली. ८० किलो वजनाच्या माणसाला यासाठी फार तर पाच-सहा किलो उतरवावे लागतात. हे काही हठयोग्याचे तप नव्हे.

आयर्लंडच्या हवेत हे व्रत चालवावे कसे, हा प्रश्न रास्त आहे. डिसेंबरात डब्लिनला सायंकाळी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून परतणारा मनुष्य अंधारातच घरी येतो व चहा-बिस्किटांना जवळ करतो. अशा ऋतूत दुपारच्या सुट्टीतील अर्धा तास चालण्यासाठी राखून ठेवावा, हा सुलभ उपाय. २०१२ साली मॅलहाइड येथे प्रथम सुरू झालेला पार्करन नावाचा उपक्रम आता देशभर चालतो. शनिवारी सकाळी साडेनऊला पाच किलोमीटर; पैसे नाहीत, शर्यत नाही, चालत गेले तरी चालते. आहाराच्या बाबतीत अर्धे ताट भाजीचे, पाव ताट भाताचे वा पोळीचे आणि पाव ताट डाळ, कडधान्य, मासळी यांचे, एवढे सूत्र पुरे. भाताशेजारी पुन्हा बटाट्याची भाजी वाढणे म्हणजे एकच वस्तू दोनदा वाढणे होय. तेथील कोबी, गाजर आणि ओट्सची लापशी ही स्वस्त व उत्तम अन्ने आहेत. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी मात्र वैद्यास विचारूनच बदल करावा.

शेवटी प्रश्न येतो सणावारांचा. बाप्पाचा मोदक आणि होळीची पुरणपोळी यांना कोणी सुटी देऊ नये. सण हा संस्कृतीचा प्राण आहे. पण नैवेद्याचा एक मोदक आणि पंक्तीतील सात मोदक यांत भेद आहे. एकादशीला साबुदाणा व बटाटा यांवर ताव मारल्यास ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते. मंडळांच्या महाप्रसादात गोड पेयाच्या जागी पाणी वा ताक ठेवले, आणि कार्यक्रमाच्या दिवशी एका मेजावर वजनकाटा व फीत ठेवली, तर एक पैचाही विशेष खर्च न होता किती तरी घरांचे कल्याण होईल.

उसाच्या मळ्यात राबलेल्या पिढीला आपल्या देहाचा करारही स्वतःच्या हाती नव्हता. तिच्या वंशजांना तो अधिकार लाभला आहे. त्यांनी तो जाणीवपूर्वक वापरून निरोगी देह पुढील पिढीच्या हाती द्यावा, यातच त्या पूर्वजांचे खरे श्राद्ध आहे.