जुन्या ट्रकचे दिवे का रुसतात?

रात्री घाट उतरताना वळणावर अचानक एक काळी भिंत उभी राहते. मोटारीचा झोत अंगावर पडेपर्यंत तो ट्रक आहे हे कळतच नाही. कारण त्याचे मागचे दोन्ही लाल दिवे विझलेले असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच त्यातला मोलाचा वेळ निघून जातो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरील वाहनाचे दिवे लागलेले असावेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. तरीही जुन्या ट्रकांचे दिवे वारंवार दगा देतात. याचे मूळ चालकाच्या बेपर्वाईइतकेच वायरिंगच्या वार्धक्यातही असते.

परतीची वाट

ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवला जातो. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेली वीज फ्यूज, स्विच आणि वायर यांतून बल्बपर्यंत पोचते. परतीसाठी मात्र जुन्या गाड्यांत बहुधा स्वतंत्र वायर नसते. वीज चासीच्या लोखंडातूनच ऋण टोकाकडे येते. गॅरेजमध्ये यालाच ‘अर्थ’ म्हणतात. दिव्यांची पुष्कळशी दुखणी या परतीच्या वाटेवरच असतात. चिखल, पावसाचे पाणी, कोकणपट्टीतील खारी हवा यांमुळे दिव्याच्या बोल्टखाली गंज चढतो. ट्रक नव्याने रंगवताना याच जागी रंगाचा थर बसतो आणि वाट अडते.

असा बिघाड ओळखण्याची खूण मजेशीर आहे. उजवा इंडिकेटर दिला, की त्याच बाजूचा टेल लॅम्प मंदपणे मिचकावू लागतो. अर्थ तुटलेला असल्याने वीज शेजारच्या बल्बमधून दुसरी वाट शोधते. अशा वेळी नवा बल्ब आणण्यात पैसे घालवू नयेत. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर आणून दिव्याच्या धातूच्या भागाला टेकवावी. दिवा लख्ख झाला, तर दोष अर्थचाच. बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

लक्षणावरून निदान

एकच दिवा बंद असेल, तर बल्ब, होल्डर आणि अर्थ या क्रमाने तपासावे. मागचे सगळे दिवे एकदम गेले असतील, तर फ्यूज किंवा चासीवरून मागे जाणारी मुख्य वायर संशयित ठरते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर मिचकावत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा उडालेला असतो. दिवे मंद असून इंजिनाचा वेग वाढताच उजळत असतील, तर बॅटरी, अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा पाहावा.

बल्ब वरचेवर उडत असतील, तर इंजिन चालू असताना बॅटरीवरचा दाब मोजावा. २४ व्होल्टच्या गाडीत तो साधारण २८ व्होल्टच्या आसपास असतो. काटा ३०च्या पुढे जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे, असे समजावे.

दिवा लागतो, पण प्रकाश पिवळट पडतो, ही तक्रारही नेहमीची. तारेच्या बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. गंजलेला कनेक्टर, झिजलेला स्विच, नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर, या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब हरवतो. सजावटीचे दिवे त्याच वायरवर जोडले, की भार आणखी वाढतो. टेपरेकॉर्डरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची सवयही घातक. त्यामुळे एक बॅटरी उपाशी राहते, तर दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते.

फ्यूज हा शत्रू नव्हे

खड्ड्यातून जाताना फ्यूज उडत असेल, तर कुठेतरी वायरचे आवरण घासून तांबे चासीला टेकत असते. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. त्या फ्यूजवरचे बल्ब काढून फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडावा आणि स्विच चालू ठेवावा. शॉर्ट असेपर्यंत तो लागलेला राहतो. मग वायरचा जुडगा टप्प्याटप्प्याने हलवत जावे. जिथे हात लागताच टेस्ट लॅम्प विझतो, तिथेच दोष असतो. चासीच्या छिद्रातून वायर जाते तिथे रबरी कडे बसवल्यास हे दुखणे परत उद्भवत नाही.

वायर तोडण्या-जोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. वायरिंग पुरते कडक होऊन तडकले असेल, तर ठिगळे न लावता ते संपूर्ण बदलणेच श्रेयस्कर.

निघण्यापूर्वी क्लीनरला मागे उभे करून ब्रेक, इंडिकेटर आणि टेल लॅम्प पाहून घेण्यास दोन मिनिटे पुरतात. ट्रकच्या चालकाला आपले मागचे दिवे धावताना दिसत नाहीत. त्यांच्यावर विसंबून असतो तो मागून येणारा.