केबलीचें सामर्थ्य आवरणांत

विजेची केबल म्हणजे तांब्याची तार. तिच्यावरील आवरण केवळ हाताला झटका बसूं नये एवढ्यापुरतें, अशी सर्वसाधारण समजूत असते. कारखान्यांतील केबलीच्या बाबतींत वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. तिनें किती प्रवाह वाहावा, ती किती वर्षें टिकावी आणि आग लागल्यास तिचें काय व्हावें, हें मुख्यतः आवरणच ठरवितें.

तारेचा प्रश्न हिशेबाचा असतो. अल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारें ६१ टक्के. म्हणून त्याची तार अधिक जाड घ्यावी, म्हणजे काम भागतें, आणि वजनहि तांब्याच्या निम्मेंच भरतें. आवरणाची गोष्ट इतकी सरळ नाहीं.

प्रवाह वाहूं लागला कीं तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. तांबें वितळावयास १००० अंशांहून अधिक उष्णतामान लागतें. आवरण मात्र त्याच्या पुष्कळच आधीं हार खातें. नेहमींच्या पी. व्ही. सी. आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सियस धरतात. पॉलिथीनचे लांबलचक रेणू आडव्या दुव्यांनीं एकमेकांशीं जखडले, म्हणजे तें तापल्यावर वितळत नाहीं. अशा आवरणाची मर्यादा ९० अंश असते, आणि त्याच जाडीच्या तारेंतून अधिक प्रवाह नेतां येतो. मर्यादा ओलांडतांच आवरण जळतें असें नव्हे. तें हळूहळू कडक होतें, त्यास भेगा पडतात व आयुष्य घटतें. अनेक केबली खेटून ठेवल्यास प्रत्येकीचा भार कमी करावा लागतो, तो याचसाठीं; शेजारणीची ऊब प्रत्येकीस सोसावी लागते.

आगीच्या वेळीं आवरणाची खरी परीक्षा होते. २२ मार्च १९७५ रोजीं अमेरिकेंतील आलाबामा राज्यांत, ब्राउन्स फेरी येथील अणुविद्युत्केंद्रांत, केबली भिंतींतून जातात तेथील फटींतून हवा निसटते काय, हें मेणबत्तीच्या ज्योतीनें तपासलें जात होतें. फट बुजविण्यासाठीं भरलेल्या फेसाळ द्रव्यानें पेट घेतला आणि आग केबलींवरून पसरत गेली. १६०० हून अधिक केबली जळाल्या, आणि संकटकाळीं अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणा बंद पडल्या. मोठा अनर्थ टळला; पण आवरण हेंहि इंधनच, हें सर्वांना उमगलें.

ज्वालेइतकाच धूरहि घातक. पी. व्ही. सी. जळतांना हायड्रोजन क्लोराइड वायु सुटतो; ओलावा मिळतांच त्याचें तीव्र आम्ल बनतें. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, काळ्या धुरांत दार सांपडत नाहीं. म्हणून भुयारी रेल्वेसारख्या ठिकाणीं अल्प धुराच्या, क्लोरीनरहित केबली घालतात. त्यांच्या आवरणांत बहुधा अल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड मिसळलेली असते. सुमारें २०० अंशांवर ती पाण्याची वाफ सोडूं लागते. जणूं आवरण आपल्याच पोटांतील पाण्यानें आग थोपवितें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. आग न पसरविणें निराळें आणि आगींतहि प्रवाह चालूं ठेवणें निराळें. संकटसमयींचे दिवे व पाण्याचे पंप यांना दुसरा गुण लागतो. त्यासाठीं तारेवर अभ्रकाची पट्टी गुंडाळतात. आवरण जळून गेलें तरी अभ्रक तारेस कांहीं काळ सांभाळतें.

तेव्हां केबल निवडतांना तार किती जाड, एवढें विचारून भागत नाहीं. ती किती तापेल, कोणाच्या शेजारीं राहील आणि जळालीच तर माणसांना बाहेर पडूं देईल काय, हेहि प्रश्न विचारले पाहिजेत.