बारा मीटरची सळई आणि गोल चौक

जालन्याच्या एमआयडीसीतून निघणारी सळई साधारण 12 मीटर लांबीची. साध्या ट्रकमध्ये ती दुमडून भरतात. सरळ न्यायची तर ट्रेलर लागतो. असा ट्रेलर अंबड चौफुलीकडे वळताना लोक ड्रायव्हरकडे बघतात. माझी उभी नोकरी रस्ते आखण्यात गेली, म्हणून मी शेवटच्या चाकाकडे बघतो.

पुढची चाकं जातात त्या वाटेनं मागची जात नाहीत, आतून कापत येतात. गाडी जितकी लांब आणि वळण जितकं आखूड, तितकी जास्त आत. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात; त्यातली दुसरी पहिलीच्याही आत येते.

गोल चौक आखणाऱ्याची पंचाईत इथेच. चौक ऐसपैस ठेवला तर ट्रेलर सुटतो, पण मोटारवाले वेग न मोडता सरळ सुसाट निघतात. मग गोल कशाला बांधला? साध्या चौरस्त्यावर वाटा एकमेकींना भिडायच्या 32 जागा असतात, एकपदरी गोलात 8. पण खरा फायदा वेग उतरण्यात आहे, आणि त्यासाठी वाट अरुंद आणि वाकडीच हवी.

यावर तोड म्हणजे ‘ट्रक एप्रन’. मधल्या बेटाभोवती दगडी किंवा रंगीत काँक्रीटचा पट्टा, रस्त्यापेक्षा तीन-चार इंच उंच, काठाला उतार दिलेला. मोटारीला तिथं दणका बसतो, म्हणून ती बाहेरूनच जाते. ट्रेलरची मागची चाकं बिनदिक्कत वर चढतात. पाया मात्र लोखंडाचं ओझं पेलणारा हवा. नुसत्या पेव्हर ब्लॉकचं ते काम नव्हे.

आपल्याकडे एप्रनच्या जागी पुतळ्याचा कठडा येतो, तोही डांबराला खेटून. बेट मधे उंच असायला माझी हरकत नाही. पलीकडचं दिसलं नाही की माणूस आपोआप ब्रेक दाबतो. उजवीकडचं झाकणारे वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र घातकच, कारण आत शिरणाऱ्यानं उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते. ब्रिटननं 1966 मध्ये ‘आत फिरणाऱ्याला आधी’ हा नियम केला, तेव्हा तिथले तुंबणारे गोल मोकळे झाले. इंडियन रोड्स काँग्रेसची 1976 ची गोल चौकांची संहिताही 2017 मध्ये नव्यानं आली. चौफुलीवर मात्र अजून ज्याचा हॉर्न मोठा तो आधी.

मोटारसायकलवाल्यांना एवढंच सांगतो: ट्रेलर गोलात फिरत असताना त्याच्या उजव्या कुशीत शिरू नका. आणि तो बाहेर पडायला वळला की डाव्याही नाही.