कॅनडांतील दुधाचा बांधीव भाव

शेतकऱ्यास खर्चाच्या मानानें भाव मिळावा, कीं ग्राहकास स्वस्ताई लाभावी, हा वाद कॅनडांत अद्याप मिटलेला नाहीं. तेथें १९६६ सालीं सरकारनें दुग्धमंडळ स्थापिलें. प्रत्येक गोठ्यानें किती दूध घालावयाचें याचा वांटा ठरलेला असतो. उत्पादनखर्च पाहून दर बांधितात. आणि ठराविक मर्यादेबाहेर येणाऱ्या परदेशी लोण्यावर २९८.५ टक्के जकात बसते. त्यामुळें दूधउत्पादकास भावाची शाश्वती आली. परंतु ग्राहक महागाईची तक्रार करितो, व नवख्यास वांटा विकत घेण्यास भारी भांडवल लागतें. आपल्याकडेहि हमीभावाची मागणी होते. शेतकरी बंधूंनीं एवढें ध्यानीं धरावें, कीं कॅनडाच्या धर्तीचा भाव मागितल्यास उत्पादन मर्यादित ठेवण्याचें बंधनहि पत्करावें लागेल.